आखाजीची सुट्टी

१७ मार्च २०२५, सोमवार. धुळे

माझा पाय क्लचला पोचत नाही! सीट ओढून ओढून पार पुढे घेतली, पाठीमागे उशी लावली, तरी टाचेला तोल नाही. वना नाना खिडकीशी उभे राहून बघत होते. जन्मभर एसटी चालवून रिटायर झालेला माणूस, आता आम्हाला शिकवायला ठेवलाय. म्हणाले, "ही गाडी बनवणाऱ्यानं बाईमाणूस डोक्यात धरलंच नव्हतं. आता तूच पाय लांब कर." कुठून लांब करू? आईबापानं दिला तेवढाच पाय!

आम्ही बारा जणी. बायांनी बस चालवावी म्हणून सरकारनं अनुदान काढलंय, ते इथल्या एका संस्थेला मिळालं. राहणं-जेवण फुकट. शेवटी आरटीओची परीक्षा, हेवीचं लायसन, बिल्ला, आणि पास झाली तिला डेपोत ड्रायव्हरची जागा. जागा मात्र याच बॅचला. लीलाधर सर, म्हणजे संस्थेचे इथले मुख्य, पहिल्याच दिवशी बजावून बोलले – हजेरी सांभाळा, रोज मशीनला अंगठा लावा, अनुदान हजेरीवर येतं.

माझी पोरगी भूमिका फोनवर रडली. नवीन म्हणाला, "तू फोन ठेव, मी बघतो." बापलेक वरणगावात, आजीच्या हातचं खातायत, मी इथे. पण बिल्ला घेऊनच जाणार.

२१ मार्च

आज गाडी इतक्यांदा बंद पाडली की नाना खाली उतरून चहाला निघून गेले.

२९ मार्च, शनिवार

पेपरवाले आले होते. आम्हाला सगळ्यांना गुलाबी फेटे बांधले! ऊन मी म्हणतंय आणि डोक्यावर फेटा. बसपुढे ओळीनं उभं केलं. एकानं विचारलं, "संसार सांभाळून कसं जमतं?" रूपा माझ्या कानात – "नानाले विचार ना, त्यास्नी कसा सांभाळा!" मला हसू आवरेना. फोटोत माझे डोळे मिटलेले आहेत.

रूपा म्हणजे माझ्या खोलीतली. शिंदखेड्याकडची, नवऱ्यानं सोडलेली, आणि आमच्यात सगळ्यात चांगली चालवते. फेटा बांधायला हजार माणसं आली, पण मैदानाजवळ बायांना जायला संडास अजून नाही. सकाळी पाणी पीत नाही आम्ही. तेही लिहा म्हणावं पेपरात.

८ एप्रिल

लळिंगचा घाट चढवला!!

नाना शेजारी बसून एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं रागावले. वर गेल्यावर म्हणाले, "मी झोपलो होतो." म्हणजे शाबासकी! समोरून येणारा ट्रकवाला निम्मा बाहेर वाकून बघत होता. म्हटलं बघ बाबा, पण तुझ्या स्टिअरिंगकडेही बघ.

संध्याकाळी नवीनला फोन केला तर तो आपल्या दुकानात पंक्चर काढत होता, कानाला फोन आणि हातात टायर. म्हणाला, "मोहिनी, मला माहीतच होतं." खोटं. मलाच माहीत नव्हतं.

१९ एप्रिल, शनिवार

अक्षय्य तृतीया जवळ आली, खोलीत सगळ्यांचं एकच चाललंय – आखाजी. कोणाचा भाऊ कधी घ्यायला येणार, कोणाकडे झोका कुठल्या झाडाला, मांडे कोण करणार. लीलाधर सर तोंडी म्हणाले, जाऊन या, आखाजीला इथं कुत्रं थांबत नाही. नाना म्हणाले, "आखाजीले आंडेर मायघर नही जाई ते कव्हय जाई?" लेकीनं माहेरी जायचं ते त्याच दिवशी, यात कोणाला काही विचारायचं असतं असं खानदेशात कोणाच्या डोक्यात येत नाही.

मी कपडे धुवायला निघून गेले. मला कोण बोलावतंय! नवीनशी लग्न केलं, तो आमच्यातला नाही, तेव्हापासून रावेरकडची वाट बंद. भूमिका शाळेत जायला लागली तरी बाबांनी तिचं तोंड पाहिलेलं नाही. माय चोरून फोन करते, तोही शेजारच्या प्रमिलाबाईंच्या मोबाइलवरून. रूपालाही न्यायला येणारं कोणी नाही, तिला म्हटलं, आपण दोघी इथंच थांबू, गाडी धुऊ.

२४ एप्रिल, गुरुवार

हितू आला! माझा भाऊ, हितेंद्र, रावेरहून मोटरसायकलीवर, एवढ्या उन्हात. मैदानाच्या कडेला उभा. मी रिव्हर्स घेत होते, आरशात दिसला. गाडी तशीच बंद पडली.

"ताई, मुऱ्हाळी आलोय, तुला न्यायला. आखाजीला चल." मी म्हटलं बाबांना विचारलंस का? म्हणाला, "बाबांनीच धाडलं." मी तिथंच मातीत बसले. रडले. नाना दुसरीकडे तोंड करून टायर तपासत राहिले.

हितू वाळलाय. डोळ्याला डोळा देत नव्हता. म्हटलं लाजतोय, इतक्या वर्षांनी भेटतोय.

रूपा म्हणते, तू जा, मी सुरतेला मावशीकडे जाते, एकटी काय करू इथं. आता सगळ्याच जाणार.

३० एप्रिल, आखाजी. माहेरी

मायच्या घरात बसून लिहितेय. खरं वाटत नाही!

खापरावरचे मांडे, आमरस, कुरडया. मांडे काकूंनी केले, मायनं नाही. माय खाटेवर बसून सांगत होती, पीठ सैल झालं, खापर तापू द्या. किती बारीक झाली! हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत जातात. म्हटलं काय गं हे, तर म्हणे, "उन्हानं वाळली वो. केळीची पानं नाही का वाळत?" जेवली नाही, उपास म्हणाली. आखाजीला कसला उपास! पण मायचे उपास कोणाला कळलेत.

येताना वरणगावहून भूमिकाला आणलं, मायनं तिला मांडीवर घेतलं. सोडतच नव्हती. पोरगी घामानं भिजली तरी सोडेना. बाबा ओट्यावर बसून होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "जेवली का?" एवढंच. पण बोलले. नवीनसाठी डबा बांधून द्यायला सांगितला – नाव न घेता, "तिकडे" म्हणाले.

निंबाच्या झोक्यावर मी आणि माय बसलो. मी पायानं झोका देत होते. तिला बस कशी असते ते सांगितलं – घाट, क्लच, उशी, सगळं. ती माझं बोट धरून विचारत होती, "मंग इतके मानसं तुह्या भरवशावर बसतीन?" हो गं. "अन् तुले भेव नाही लागत?" लागतं गं माय.

एकच खुपलं. सारखी म्हणत होती, उद्याच जा, शिकणं बुडवू नको. इतक्या वर्षांनी आले आणि लगेच जा! मी फुगले. म्हटलं सुट्टी आहे, शनिवारपर्यंत राहणार. ती माझ्या डोक्याला तेल लावत बसली.

५ मे, सोमवार. धुळे

सगळं संपलं.

ऐन आखाजीला वरून तपासणी आली होती. दिल्लीकडचे दोघं आणि एक बाई, आखाजी कशाशी खातात हेही माहीत नाही त्यांना. मैदानात नाना एकटे गाडी धूत होते. प्रशिक्षणार्थी – शून्य. मशीनवर अंगठे – शून्य. लीलाधर सरांनी फोनवरून सांगितलं, साहेब, सण आहे. ते म्हणाले, लेखी सुट्टी कुठे आहे? लेखी नव्हतीच! इथं आखाजीची सुट्टी लेखी कोणी मागितलीय कधी?

शेरा मारला – "प्रशिक्षण प्रत्यक्षात सुरू नाही." अनुदान थांबलं, बॅच रद्द. आजपर्यंत चालवलेले तासही धरणार नाहीत. परीक्षा पुढच्याच आठवड्यात होती.

लीलाधर सर खुर्चीत बसून नुसते घाम पुसत होते. नाना म्हणाले, "मीच जा म्हनलो व्हतू." सर म्हणाले, "नाना, मीही म्हणालो होतो." कोणावर ओरडायचं? सगळे चांगलेच वागले. रूपानं उशी माझ्या अंगावर फेकली आणि रडायला लागली.

९ मे, शुक्रवार. वरणगाव

घरी आले. सासूबाईंनी भाकरी वाढली. नवीन नुसता टायर काढत बसतो. बोलला असता तर बरं.

गल्लीतल्या बाया विचारतात, "काय मोहिनी, बस कुठे लावली?" हसतात. हसू दे.

१४ मे

मी फार बोलले आज.

प्रमिलाबाईंच्या फोनवरून माय होती. "कधी लागते नौकरी?" असं विचारलं. इतक्या दिवसांचं डोक्यात साचलेलं, एकदम फुटलं. म्हटलं, कसली नोकरी! तुम्ही बोलावलंत म्हणून बुडाली! इतकी वर्षं आठवण नव्हती, मेली समजून बसला होतात, आणि नेमकी याच वर्षी माया आली? नसतं बोलावलंत तर मी तिथंच थांबले असते! रूपा थांबली असती! दोन अंगठे तरी लागले असते मशीनवर! तुमची आखाजी मला केवढ्याला पडली माहीत आहे?

तिकडून मग प्रमिलाबाई बोलल्या, "ठेव आता." मी ठेवला.

दोन अंगठ्यांनी काय झालं असतं, ते मलाही माहीत आहे.

१५ मे

उद्या फोन करीन. आज नाही. आज अजून राग आहे.

१८ मे, रविवार

नाना आले होते! धुळ्याहून इतक्या लांब, पिशवीत खरबूज घेऊन. लीलाधर सर वरच्या ऑफिसात जाऊन आले म्हणे, हात जोडले, खानदेशातली आखाजी काय असते ते समजावलं. तिथल्या बाईंनी ऐकून घेतलं, चहा दिला, म्हणाल्या, खरंय, पण मी काय करू, संगणकावर बॅच बंद दिसतेय. दुसरं अनुदान आलं तर पुन्हा अर्ज. कधी? माहीत नाही.

"तुना हात चांगला शे," नाना म्हणाले. "सोडू नको." आणि खरबूज कापायला बसले. सोडू नको म्हणजे काय धरू नाना? पंक्चरच्या दुकानात बस कुठून आणू? पण तोंडावर बोलले नाही. म्हातारा आधीच खचलाय. जाताना एसटीच्या दारात उभे राहून हात करत होते, कंडक्टर ओरडला तरी.

२७ मे

मायचा फोन. उचलला नाही.

२८ मे

पुन्हा वाजला. भाकऱ्या चालल्या होत्या. खरं सांगायचं तर भाकऱ्या झाल्या होत्या.

२ जून, सोमवार

रूपा सुरतेला साडीच्या कारखान्यात लागली. फोनवर म्हणाली, इथं रस्त्यानं बस गेली की मी मान खाली घालते.

नवीननं आज दुकानासमोर उभी असलेली केळीची आयशर मागे घ्यायला मला सांगितलं. मालकानं परवानगी दिली. घेतली, अगदी भिंतीला चिकटवून. गल्ली बघत होती. खाली उतरले तर रडूच आलं. काय उपयोग! लायसन नाही, बिल्ला नाही, गाडी मागं-पुढं करणारी बाई झाले मी.

मायला फोन करायचाय. काय बोलू, ते सुचत नाही. सॉरी तिला कळत नाही. या रविवारी उठून जाते सरळ. पाया पडते.

७ जून, शनिवार

भूमिकाला ताप. उद्याचं जाणं राहिलं. पुढच्या रविवारी नक्की.

१० जून, मंगळवार

माय गेली. काल पहाटे.

पोटात गाठ होती. शिवरात्रीलाच डॉक्टर आता उपाय नाही म्हणाले होते. हितूला ठाऊक, बाबांना ठाऊक, प्रमिलाबाईंना ठाऊक. मलाच नाही. मायनं सगळ्यांना शपथ घातली होती – "मोहिनीले सांगू नका. गाडी शिकून राह्यली ती, सोडून येईन. एकडाव आखाजीले आना, मले पाहू द्या, अन् लगेच परत धाडा."