वकीलबाईंच्या कोटावर बसलेली खुडूक

तीर्थरूप मामांच्या सेवेशी,

भाच्याचा साष्टांग नमस्कार (साष्टांग फक्त कागदावर; जमिनीवर सध्या नऊ पिल्ले हिंडत आहेत, आडवे व्हायला जागा नाही). आपली तब्येत कशी आहे, लेकीकडे करमते का, जेवण वेळेवर होते का, ते कळवावे. आम्ही सर्व खुशाल आहोत असे लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरे नाही.

मामा, आपण घर बंद करून लेकीच्या तिसऱ्या मजल्यावर राहायला गेलात, तेव्हा सहा गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा माझ्या गळ्यात घातलात. "गरीब जात आहे, संध्याकाळी आपापल्या खुराड्यात जातात," हे आपले शब्द. मी सुताराकडून खुराडे करून घेतले, आत फळी, दाराला कडी. पहिल्या संध्याकाळी सातही जण त्यासमोर रांगेत उभे राहिले, आत डोकावले आणि एकेक करून पेरूच्या झाडावर जाऊन बसले. (कोंबडीला उडता येत नाही असे मला शाळेत शिकवले होते. त्या मास्तरांना मी शोधतो आहे.) खुराड्यात आता आपली सूनबाई, म्हणजे माझी बायको, कांदे ठेवते.

दिवसभर ही मंडळी मोकाट. शेजारच्या दातांच्या डॉक्टरांच्या कुंड्या उकरून झाल्यावर माझ्या शिलाईच्या दुकानात येतात. परवा बँकेचे मॅनेजर कपडे घालून पाहायच्या खोलीत एक पाय पॅन्टमध्ये घालून उभे असताना आपला कोंबडा आत शिरला, त्याला आरशात दुसरा कोंबडा दिसला, आणि पुढची काही मिनिटे मॅनेजर त्या दोघांच्या मध्ये होते. पॅन्ट न घेताच गेले. तेवीस वर्षांत माझ्या दुकानातून गिऱ्हाईक असे गेले नव्हते.

पण खरा घात केला ठिपक्यांच्या कोंबडीने. वकीलबाईंचा काळा कोट शिवून झाला होता, नुसती काजे-बटणे राहिली होती, म्हणून मी तो टोपलीत घालून वरच्या फळीवर ठेवला. तिने तिथे गुपचूप अकरा अंडी घातली आणि खुडूक होऊन ती उबवत बसली. मी हात घातला तर तीन बोटे फोडली. सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचा अंगुस्ताना घालता येईना. बायकोला हाक मारली, तर ती म्हणाली, "बाळंतिणीला कुणी उठवतं का?" आणि तिने वर पाण्याची वाटी नेऊन ठेवली. माझ्या बोटांना हळद मीच लावली.

वकीलबाईंची वरच्या कोर्टात पहिली मोठी सुनावणी होती. मी आधी सांगितले बटणे आली नाहीत, मग काजे करणारा आजारी आहे, मग वीज नाही. नवव्या दिवशी त्या दारात उभ्या राहिल्या. डोक्यावर पंखा फिरत होता. मी स्टूल पुढे केले. त्या वर चढल्या, टोपलीत पाहिले, कोंबडीने त्यांच्याकडे पाहिले.

"अजून किती दिवस?"

"बारा," मी म्हणालो.

"उठवलं तर?"

"अंडी जातील."

त्या खाली उतरल्या. "मग कोंबडीला उठवायला स्थगिती देते," म्हणाल्या, आणि कोपराला ठिगळ लावलेला जुना कोट घालून कोर्टात गेल्या. केस जिंकल्या. तेव्हापासून रोज कामावर जाताना येतात, स्टुलावर चढतात. ज्या दिवशी पिल्ले निघाली त्या दिवशी डॉक्टर, वकीलबाई आणि आपली सूनबाई माझ्या कापायच्या टेबलावर उतरवलेल्या टोपलीभोवती जमली होती, आणि मी, दुकानाचा मालक, बाहेर पायरीवर बसून गिऱ्हाइकाच्या पॅन्टला चेन लावत होतो. कोट आता कोट राहिलेला नाही. दुसरा शिवायला घेतला आहे.

तेव्हा मामा, स्पष्ट लिहितो. आपल्या कोंबड्या, आपला कोंबडा, सगळा गोतावळा घेऊन जावा. मी शिंपी आहे.

आपला संतप्त भाचा

ता. क. सूनबाईने पत्र वाचले. कोंबड्या गेल्या तर तीही जाईल म्हणते, आणि वकीलबाई तिच्या बाजूने उभ्या राहणार आहेत. तरी वरचा शेवटचा परिच्छेद वाचू नये.

आणखी एक. काल आपल्या लेकीचा फोन आला होता. म्हणाली, बाबा दिवसभर बाल्कनीत बसतात, कबुतरांना दाणे टाकतात आणि आपल्या कोंबड्यांच्या नावांनी हाका मारतात. कबुतरांना, मामा. मी मशीन बंद केले. मागच्या खोलीतली कापडे हलवून खाट टाकली आहे. रविवारी न्यायला येतो, सामान बांधून ठेवावे. राग आहेच, तो इथे आल्यावर रोज थोडा थोडा काढीन.