वरवंटा आणि गॅरेजचं दार

आबा,

तुमची भिंत शाबूत आहे, हे आधी सांगते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण गेल्या महिन्यापासून घरात तुमचाच विषय चालू आहे.

वालचंदनगरला जन्मभर आगीच्या बंबावर नोकरी करून तुम्ही इंदापुरात घर बांधायला काढलंत आणि गवंड्याचं डोकं खाल्लंत. गॅरेज स्वयंपाकघराला खेटून, म्हणून मधली भिंत थेट स्लॅबपर्यंत, दोन्ही अंगांनी गिलावा, दाराला पत्रा. दार आपोआप लागावं म्हणून कप्पीवरून तार घेऊन तिला सिमेंट भरलेला रंगाचा डबा टांगलात. आईला त्या भिंतीत चहा द्यायला खिडकी हवी होती. तुम्ही म्हणालात, "चहा दारातनं फिरून ईल. खिडकीतनं धूर येतो." आई दोन दिवस तुमच्याशी बोलली नाही.

पण काय ते दार! हातात कपबश्या असल्या की नेमकं पाठीत बसायचं. म्हणून ते उघडं राहायला त्याला वरवंट्याची अडण लागायची. अजून दिसतं मला, तुम्ही गॅरेजमधून येताय, वरवंटा उचलताय आणि तडक आईपुढे उभे राहताय. "आग काय सांगून येती व्हय?" आई मुकाट भाकरी थापते. मी कॉलेजच्या पुस्तकात तोंड खुपसून हसते.

गेल्या महिन्यात भरदुपारी माझी विजेवरची स्कूटर गॅरेजमध्ये चार्जिंगला लावली होती, ती पेटली. मी ओसरीवर होते. आई जेवून स्वयंपाकघरात फरशीवर आडवी झालेली, आणि आता तिला ऐकूही कमी येतं. शटरखालून काळा धूर दिसला. तशीच आत धावले. मधलं दार घट्ट लागलेलं, आणि आई मजेत घोरतेय! तिला ओढतच अंगणात आणलं, मेन स्विच पाडला. नगरपालिकेचा बंब येईपर्यंत स्कूटरचा कोळसा झाला होता, पण आतून भिंत नुसती कोमट होती.

बंबावरच्या माणसानं विचारलं, "हे दार कुणी बशिवलं?"

"आमच्या ह्यांनी," आई म्हणाली. "लई किरकिरा माणूस." आणि पदरानं डोळे पुसायला लागली. आता गल्ली दार बघायला येते. आई सगळ्यांना चहा देते, दारातून फिरून.

हे पत्र टाकायचं कुठं, आणि आईला वाचून दाखवायची तर माझी हिंमत नाही. त्या सकाळी भाजीच्या पिशव्या आत आणताना दाराला वरवंटा मीच लावला होता. आईला चटणी वाटायची होती म्हणून तिनं तो उचलला, एवढंच. आणि आबा, तेव्हा तुम्ही तिला बोलायचात ना, तोही बहुतेक वेळा मीच लावलेला असायचा. तिला ते ठाऊक होतं. तिनं एकदाही माझं नाव घेतलं नाही.