निळ्या झग्यावर लाल दोरा

बीर अल-अब्द,
१७ नोव्हेंबर १९९८

प्रिय सुवैलम,

सलाम. आम्ही इथं मजेत आहोत, तूही तिकडे तबूकमध्ये बरा असशील. थंडी सुरू झाली असेल, छाती उघडी टाकून झोपू नकोस, तुला लगेच खोकला होतो. तुझ्या मेहुण्याने, अवदाने, सलाम सांगितलाय. तुझ्या भाचीचे, नजवाचे, पुढचे दात पडलेत आणि जीभ त्या फटीतून बाहेर काढून ती सगळ्यांना वेडावते. आई बरी आहे. तिच्याबद्दल पुढे लिहितेच.

दुकानात जाऊन फोन करता आला असता मला. पण फोनवर तू आधी ओरडतोस आणि मग आपटतोस. पत्र आपटलंस तरी पुन्हा उचलशील, म्हणून लिहायला बसले.

आता गंमत ऐक. आपल्या गावात वस्तुसंग्रहालय झालंय! हसू नकोस. जुन्या शाळेच्या दोन खोल्या, चुना मारलेल्या. झगाझिगहून बदली होऊन आलेले कमाल मास्तर आठवतात का, सारखं नाक पुसणारे? त्यांच्या डोक्यातलं खूळ. दारोदार फिरले बिचारे. "ताई, जुनं काही आहे का? ताई, मोडकं असलं तरी चालेल." सुरुवातीला लोकांना वाटलं भंगारवाला आलाय. मग हमदा आत्याने उंटाचं खोगीर दिलं, कुणी कॉफी कुटायचा खल दिला, आणि अवदाच्या आईने जातं दिलं. ते तिला उचलवत नव्हतं, घरातली अडगळ गेली म्हणून खूश आहे.

गेल्या शुक्रवारी उद्घाटन होतं. सगळं गाव नटूनथटून लोटलं. जी माणसं जन्मभर त्या खोगिरावर बसली, ती रांगेत उभी राहून खोगीर बघत होती. हमदा आत्या तर स्वतःच्याच खोगिरापाशी पाहुण्यांचं स्वागत करत बसलेली. "बघा, बघा, नीट बघा. हात नका लावू." मास्तरांनी चहा ठेवला होता, बायकांनी घरून भाकरी आणि खजूर आणले होते. नजवा जात्यावर चढून बसली, तिला खाली ओढता ओढता माझी दमछाक झाली.

आणि दुसऱ्या खोलीत, समोरच्या भिंतीवर, आईचा झगा होता.

मला माहीत होतं सुवैलम. आधीच सांगून टाकते. आई महिनाभर दुपारची दार लोटून काहीतरी भरत बसायची. नजर कमी झालीय तिची. एक दिवस तिने मला हाक मारली आणि सुई-दोरा पुढे केला. दोरा लाल होता. मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं नाही. मी सुई ओवून दिली. पुढेही रोज ओवून दिली.

बाबा गेल्यावर तिने घातलेला तोच निळा झगा. बाही निळी, छाती निळी, घेर निळा. आणि आता त्या निळ्यावर, छातीपासून खाली पार घेरापर्यंत, लाल फुलं. विधवेच्या निळ्यावर लाल चढलं की त्याचा अर्थ काय, हे आपल्यात पाळण्यातल्या पोरीलाही कळतं. तुलाही कळतं. मला लिहायला लावू नकोस.

खोलीत बायका आल्या आणि एकदम गप्प झाल्या. चाळीस तोंडं एका वेळी बंद झालेली मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली. कमाल मास्तरांना वाटलं, आपली मांडणी आवडली! त्यांना बिचाऱ्यांना रंगांचं काय माहीत. खाली त्यांनी सुंदर अक्षरात पाटी लावली होती: "नवरीचा पोशाख".

ती पाटी कुणीतरी मोठ्याने वाचली मात्र, सगळ्या फिस्सकन हसल्या. हमदा आत्या म्हणाली, "अगं, मास्तरांना कळत काहीच नाही, पण लिहिलंय बरोबर." आणि तिने जीभ फिरवून लग्नघरासारखी अशी लांबलचक लकेर दिली की बाहेर चहा पिणारे पुरुष धावत आत आले.

आई कोपऱ्यात उभी होती. ओढणीत तोंड लपवलेलं, पण मान ताठ. मी जवळ जाऊन कुजबुजले, "आई, हे घरात अंगावर घालून बसली असतीस तरी कळलं असतं ना लोकांना? भिंतीवर कशाला?"

"अंगावर घालून हिंडले असते तर म्हणाले असते, म्हातारी चळली," ती म्हणाली. "आता बघ, आपणहून चालत आलेत. शिवाय मला तोंड उघडावं लागलं नाही."

मुसल्लमही आला होता. हो, तोच, तळ्यावर मासे धरणारा. नाव वाचून कपाळावर आठ्या आल्या असतील, येऊ देत. नातवाचा हात धरून, बूट पुसून आला होता. झग्यासमोर इतका वेळ उभा राहिला की मास्तर मोठ्या उत्साहाने जवळ गेले. "हाजी, आवडलं का? फार दुर्मिळ काम आहे." मुसल्लम घसा खाकरत म्हणाला, "हो हो. काम चांगलं आहे." आणि चहा न पिताच निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात बोयांची टोपली. आई मासे साफ करताना गुणगुणत होती. ती गुणगुणते हे मी विसरूनच गेले होते.

मागच्या वेळी मुसल्लमने निरोप पाठवला तेव्हा तू काय बोललास ते भिंतींनीही ऐकलं. "माझ्या बापाच्या घरात दुसरा माणूस? माझ्या जिवंतपणी नाही." आणि पहाटे बॅग उचलून गेलास. आई तुझ्या पाठीमागे कुंपणापर्यंत आली होती, तू वळून बघितलं नाहीस. तुझं बाबांवर प्रेम होतं, मला कळतं रे. माझंही होतं. पण त्या घरात आता कोण आहे? मी इकडे सासरी, तू तिकडे. ती रेडिओ चालू ठेवून झोपते, घरात माणसाचा आवाज असावा म्हणून. मला म्हणते, बातम्या ऐकते. त्यात बातम्या नसतात, नुसती खरखर असते.

आता मुद्द्याचं. मुसल्लमची माणसं काल रीतसर येऊन गेली. तारीख रमजानच्या आधीची धरायची म्हणतात. आईच्या वतीने निकाहाला बसून तिचा हात द्यायला हमद काका तयार आहेत, त्यांनी तर नवं जाकीटही शिवायला टाकलंय. पण आईने सगळ्यांसमोर सांगितलं, "माझा हात माझा मुलगा देईल. तो आला तर लग्न, नाही आला तर नाही."

काका चिडले. "अगं, तो नाहीच आला तर?"

"तर आहे तशी राहीन," ती म्हणाली. "सगळं गाव मला त्याच्या नावाने हाक मारतं. सुवैलमची आई. ते नाव घरात ठेवून मी दुसऱ्याच्या दारात जाऊ?"

 मी चहाचे पेले उचलायच्या निमित्ताने आत गेले आणि चुलीपाशी बसून रडले. मुसल्लमच्या माणसांना वाटलं, धूर झालाय.

हे पत्र मी लिहितेय ते तिला माहीत नाही. तिला वाटतं, तुला कळेल आणि तू आपणहून येशील. माझा तेवढा विश्वास नाही तुझ्यावर, म्हणून लिहितेय. राग असेल तर माझ्यावर काढ, सुई मीच ओवली होती.

हो म्हणायचं असेल तर ये. नाही म्हणायचं असेल तरी ये, आणि तिच्यासमोर बसून, तिच्या तोंडाकडे बघून म्हण. फोनवरून नको, काकांच्या हाती निरोप पाठवून नको. तिने सगळ्या गावासमोर सांगायची हिंमत केलीय, तू निदान तिच्या एकटीसमोर कर.

रस्त्याकडे डोळे लावून बसलेल्या दोघींपैकी धाकटी,
सब्हा