राखेतली पावलं

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? यजमानांचा खोकला गेला का? सूनबाईच्या पोटात अन्न टिकतंय ना?

माझं उत्तम चाललंय. ज्वालामुखीच्या या बेटावर आम्ही बाराजण सायकली हाणतोय. सायकलची गादी मऊ आहे आणि वाटाड्या माझ्यासाठी थांबतो. शेवटचा नंबर माझाच, हसू नकोस.

काल राखेच्या चढावर माझा दम संपला, तोच मागून कुणीतरी कॅरिअर धरून ढकलू लागलं. तुझे भावोजी मला सायकल शिकवताना ढकलायचे, अगदी तस्संच. ते जाऊन वर्ष झालं, तरी तोंडातून निघालंच, "अहो, सोडू नका हं!"

माथ्यावर वाटाड्या म्हणाला, "आजी, कुणाशी बोलताय? मागे कुणीच नाही."

आम्ही दोघांनी वळून पाहिलं. राखेत माझ्या चाकांची रेघ होती, आणि शेजारी अनवाणी पावलं, डावा पाय ओढलेला, ते ओढायचे अगदी तसाच. पावलं वर आलेली, उतरलेली नव्हती.

भीती नाही गं वाटली. पण दहा दिवसांनी परतायचंय, त्यांना इतक्या लांब एकटं कसं सोडू?

आमच्या घराची किल्ली तुझ्याकडे आहेच. दारामागच्या त्यांच्या चपला उंबऱ्याबाहेर काढून ठेव, टोकं घराकडे करून, म्हणजे ते घरी परततील. ठेवल्यास की लगेच लिही. तुझं पत्र हाती येईपर्यंत माझा पाय इथून निघायचा नाही.

तुझी,
ताई