गाल फुगवण्याचा महिना

माय, आज शाळेत मी एका मॅडमवर उगाच चिडले आणि घरी आल्यावर कळलं, की चिडायचं होतं तुझ्यावर. मधल्या सुट्टीत त्यांनी पर्समधून एक यंत्र काढलं. टीव्हीवर पाहून मागवलेलं, सेलवर चालणारं, गालाला टेकवलं की थरथरतं. त्याने म्हणे कातडी घट्ट होते आणि बाई दहा वर्षांनी लहान दिसते. मग त्यांनी आम्हा सगळ्यांना गाल फुगवायला लावले, तोंडातली हवा या गालातून त्या गालात न्यायला लावली, मान मागे टाकून छताचा मुका घ्यायला लावला. सगळ्या हसत होत्या. मी म्हणाले, "असं काही होत नसतं, आणि झालं तरी त्याचा उपयोग नसतो." त्या म्हणाल्या, "अवो मॅडम, तुमी करून पाह्यलं का कधी?" मी डबा बंद केला आणि वर्गात निघून गेले. करून पाहिलं होतं. मी नाही, तू.

मी तेव्हा सिंदेवाहीला बारावीत होते, रोज गावाहून बसने जायची. बाबा जाऊन दोन पावसाळे झाले होते. उन्हाळ्यात तू पहाटे मोह वेचायला जायचीस, नंतर तेंदूपत्ता तोडायला, आणि त्याच्या आदल्या वर्षी मोहाखाली अस्वल तुझ्या इतक्या जवळून गेलं होतं की तू टोपली तिथेच टाकून आलीस आणि दोन दिवस जेवली नाहीस. तशात गावच्या अंगणवाडीत मदतनीस बाई घ्यायची आहे असं कळलं. झाडायचं, पोरांना घरोघरून आणायचं, त्यांचं खाणं शिजवायचं. डोक्यावर छप्पर. शिक्षणाची अट नव्हती, वयाची होती. बाई पस्तिशीच्या आतली हवी, असं आम्हाला सांगण्यात आलं. तुझा जन्म कुठेच लिहिलेला नव्हता. आजीला एवढंच आठवायचं की मोह पडत होता. कोणत्या सालचा मोह, ते नाही. अशा बायांचं वय तालुक्याच्या, म्हणजे सिंदेवाहीच्या, दवाखान्यातले डॉक्टर बघून लिहून देतात, हे आत्याने सांगितलं. बघून, हा शब्द तू पकडलास.

त्याच आठवड्यात मी किराण्याच्या पुडीचा कागद वाचत बसले होते. वर्तमानपत्राची महिलांची पुरवणी होती ती, आणि तिच्यात चेहरा तरुण ठेवण्याचे व्यायाम होते. एका बाईचं चित्र होतं, तिच्या हातात दांडीला लावलेला छोटा रूळ. मला कागद दिसला की तो मोठ्याने वाचायची सवय, ती मला भोवली. "वाच पाहू पुन्हा," तू म्हणालीस. मी तीनदा वाचलं. पुढच्या बाजाराला तू तो कागद घेऊन मूल गावी लाकूड कातणाऱ्या खराद्याकडे गेलीस. ते चाचा खाटेचे पाय, लाटणी आणि पोरांचे भोवरे करायचे. त्यांनी चित्र उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "भाभी, ये मुंह पे फिराना है के पापड पे?" तू म्हणालीस, "मुंह पे. गुळगुळीत करजा, काचू नये." त्यांनी सागाच्या तुकड्याचा असा रूळ करून दिला की मी अजून त्याच्यासारखं गुळगुळीत लाकूड पाहिलेलं नाही.

आणि मग तो महिना. दुपारी भांडी झाली की तू ओसरीवर बसतेस, मोहाच्या बियांचं तेल तोंडाला लावतेस आणि रूळ हनुवटीकडून कानाकडे नेतेस. नेहमी खालून वर, कारण कागदात तसं होतं. मी समोर कागद धरून बसलेली. "आता आ म्हण. तोंड पूर्ण उघड. आता ई. आता ऊ." तू करतेस आणि मध्येच हसतेस, "मले शाळाच शिकवून राह्यली हे पोरगी." गाल फुगवायच्या व्यायामाला तर तू काही मानलंच नाहीस. "फुकणी फुकून फुकून माहे गाल त कधीचेच तयार हाय," म्हणायचीस. एकदा आत्या कुडावरून डोकावली.

"काऊन वो वयनी, दाढ दुखून राह्यली का?"

"नाई वो, जवान होऊन राह्यली."

"दुसरं लगन करतं का आता?"

"पाहून ठेवजो एखांदा. दात असलेला पाहाय."

तुम्हा दोघींना हसू आवरत नव्हतं. मला मात्र रात्री झोप लागायची नाही. सरकारी डॉक्टरांपुढे तोंड घासून-पुसून लहान होऊन जाणं, हे खोटं बोलणं नाही का? तुला विचारलं तेव्हा तू भाकर थापत होतीस. "माहं वय तुले मालूम हाय का?" मी म्हणाले, नाही. "मले?" नाही. "त्या डाक्टरले?" नाही. "मंग खोटं कोणापाशी हाय?" तुझ्यापुढे मला कधीच वेळेवर उत्तरं सुचली नाहीत, आणि आता सुचतात तर तू नाहीस.

आत्याने निघताना बजावलं होतं, पोरीला सोबत नेऊ नको, आणि नेलंच तर बहीण म्हण. तू म्हणालीस, तिथले कागद मले कोण वाचून दाखवन? म्हणून मी आले. तू धुतलेलं निळं लुगडं नेसली होतीस, केसांना तेल होतं, आणि खरं सांगते, माय, तुझा चेहरा तेव्हा छान दिसत होता. रुळाने, तेलाने, की महिनाभर रोज दुपारी तू थोडा वेळ सावलीत बसलीस आणि हसलीस म्हणून, ते मला सांगता येणार नाही. डॉक्टर तरुण होते, बाहेरगावचे. त्यांनी तुला उजेडात उभं केलं, दात बघितले, हात बघितले, पुन्हा तोंड बघितलं. "तीस. फार तर बत्तीस." आणि पेन उचललं. मग त्यांची नजर माझ्याकडे गेली. "ही कोण? धाकटी बहीण का?"

आता तुला काय करायचं होतं? काही नाही. हो म्हणायचीही गरज नव्हती, नुसतं गप्प उभं राहायचं होतं. महिनाभर आ, ई, ऊ करून कमावलेलं तोंड नुसतं मिटून ठेवायचं होतं.

"बहीण काऊन होईन?" तू म्हणालीस, जणू त्यांनी तुझा अपमान केला. "पोरगी हाय माही. बारावीले हाय. आमच्या घरात कोणी शाळेत नाई गेलं, हे पहिलीच." आणि एवढ्यावर थांबली असतीस तरी चाललं असतं, पण तू मला कोपराने ढोसलंस. "इंग्लिशमंदी बोलून दाखव साहेबाले."

डॉक्टर हसले. त्यांनी इंग्रजीत मला माझं वय विचारलं. मी इंग्रजीत सांगितलं, पूर्ण वाक्यात. अठरा. तेही कुठे खरं होतं? पहिलीत जाताना गुरुजींनी माझा हात डोक्यावरून कानाला टेकतो का पाहिलं होतं आणि जून महिन्यातली तारीख टाकली होती, अर्ध्या वर्गाला टाकली तशी. पण ती कागदावर होती. डॉक्टरांचं पेन थांबलं. ते बोटांवर काहीतरी मोजून म्हणाले, "बाई, मुलगी अठराची. मग तुम्ही छत्तीसच्या खाली कशा? अठराच्या आधी मूल झालं असं मी कसं लिहू?" तुला मी झाले तेव्हा तू पंधराची असशील, नाहीतर सोळाची, हे आपल्या गावात कुणीही सांगितलं असतं. म्हणजे तू बहुधा पस्तिशीच्या आतलीच होतीस. खरोखरची. रूळ न फिरवता, आ-ई-ऊ न करता. याचा विचार केला की मला अजून भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतं.

स्टँडवर तू आलूबोंडा घेतलास आणि मोठा तुकडा मला दिलास. जागा दुसऱ्या बाईला जाणार, हे तुला कळलेलं होतं. तरी तू आलूबोंडेवाल्यालासुद्धा सांगितलंस, "डाक्टरसंग इंग्लिश बोलली हे." बसमध्ये मी गावापर्यंत खिडकीकडे तोंड करून बसले. तू तुझ्या पिशवीतला रूळ काढून हातात फिरवत होतीस. दवाखान्यात तो कशाला आणला होतास, हे मी विचारलं नाही. पुढच्या मोहाला तू पुन्हा जंगलात गेलीस, त्याच्या पुढच्यालाही, आणि त्यानंतरच्या पावसाळ्यात तापाने गेलीस. मधल्या काळात तो रूळ माझ्या कपाळासाठी होता. परीक्षेच्या दिवसांत माझं डोकं दुखायचं, तू भुवयांवरून केसांकडे तो फिरवायचीस, खालून वर, आणि विचारायचीस, "अजून राग हाय का?" मी डोळे मिटून घ्यायची.

आज तो रूळ माझ्या कपाटात आहे. मॅडमना उद्या काय सांगू ते ठरलेलं नाही, बहुतेक माफी मागेन. तुला मात्र हे पत्र पाठवायची सोय नाही आणि असती तरी वाचून कोण दाखवणार होतं, मीच ना. म्हणून इथेच लिहून ठेवते. त्या दिवशी बसमध्ये मी रागावले होते असं तुला शेवटपर्यंत वाटत राहिलं. रागावले होते, पण ते नंतर, सिंदेवाहीचा नाका ओलांडल्यावर. डॉक्टरांनी वय विचारलं तेव्हा त्या आकड्याने काय होणार, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण तू माझ्या तोंडाकडे बघत होतीस, मी महिनाभर तुझ्या तोंडाकडे बघायची तशी, आणि मला ते वाक्य शेवटपर्यंत नीट म्हणायचं होतं. ते म्हणून झाल्यावर, माय, मला फार छान वाटलं होतं.