साडेपाचचा सूड

१२ मार्च
गडचिरोलीच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. एटापल्ली रोडवर तीस वर्षं एसटी चालवली, मणक्याची गादी तिथल्याच खड्ड्यांत राहिली. डॉक्टर म्हणाले, दुखणं पूर्ण जाणार नाही. सकाळी उठावंसं वाटेल असं काहीतरी शोधा, आनंद देणारं.
भजन? नको. नातवंडं? पुण्याला.
संध्याकाळी मनकर्णाने कंबरेला मोहाच्या बियांचं तेल चोळलं. घरचं आहे म्हणे. याच तेलावर रात्र निघते. बायकोला मानलं पाहिजे.

१४ मार्च
सापडलं!
दोन वर्षांनी काठी टेकत शेतापर्यंत गेलो. आमच्या बांधावरच्या मोहाखाली कोणीतरी पाला झाडून जागा लख्ख केलेली. आमच्याकडे झाडाखाली जो झाडतो, त्या हंगामाची फुलं तोच वेचतो. पलीकडे शेजारचा देवराव, हातात टोपली. वर तोंड करून विचारतो, "वारलूभाऊ, कंबर कशी हाये?"
सूड घेणार. आत्ताच डॉक्टरांना फोन करावासा वाटला.

१५ मार्च, पहाटे ५.३०
गजराआधी जाग! आज रंगेहाथ पकडतो.

तीच तारीख, ८.१५
पोचेपर्यंत सात वाजले. झाडाखाली एक फूल नाही. हा माणूस झोपतो कधी?

१८ मार्च
रोज जातो आहे. आज सहालाच पोचलो, फुलं होती! पण वाकता येईना. काठीने एक फूल ढकलत ढकलत बांधापर्यंत नेलं, पुढे काय करायचं ते सुचेना. देवराव लांबून बघत होता. हसला नाही. हे जास्त लागलं.

२० मार्च
मास्टर प्लॅन. काल संध्याकाळी झाडाखाली मच्छरदाणी अंथरून आलो. फुलं तिच्यात पडणार, मी नुसती ओढून घेणार.
सकाळी मच्छरदाणीवर तीन गाई. फुलं फस्त. एक गाय मच्छरदाणी शिंगात घेऊन अख्ख्या गावातून फिरली. गाई नक्की देवरावनेच सोडल्या.

२३ मार्च
ग्रामसभेसाठी अर्ज लिहिला. विषय: फुलचोरी. चार पानं. एका बैठकीत! भर सभेत त्याचं नाक कापणार.
कंबरेचं लिहायचं राहिलं. दुखली असावी.

२६ मार्च
ग्रामसभा झाली. अर्ज उभा राहून वाचला, दमदार आवाजात. देवराव खाली मान घालून बसला. मला वाटलं, जिंकलो.
मग मनकर्णा उठली. म्हणाली, "मीच सांगतलं होतं त्याले. तुमी दोन सालापासून खाटेवर, मोह का आपल्या पायानं घरी येते? अर्धी फुलं त्याची, अर्धी आपली. बियाचं तेलबी तोच काढून आणते."
मी विचारलं, मला का नाही सांगितलं? म्हणाली, "सांगतलं असतं तं तुमी होऊ देलं असतं का?"
सगळी सभा हसली. देवराव सोडून. त्याचं हे नेहमीचंच.

२७ मार्च
साडेपाचला जाग आली. उठायला कारण नव्हतं. दिवसभर कंबर दुखली, पार पायाच्या अंगठ्यापर्यंत. रात्री तेल लावू दिलं नाही. त्या माणसाचं तेल माझ्या अंगाला नको.
दहा वाजता लावू दिलं.

२८ मार्च
सकाळी देवराव दारात. म्हणे, "भाऊ, चाल. तुह्यासाठी जागा केली." गेलो, दोन शब्द सुनावायला.
झाडाखाली त्याने स्वतःची खाट टाकली होती, वर चादर. फुलं टपटप खाटेवर पडत होती. बाजूला माझी प्लास्टिकची खुर्ची. वाकायचं कामच नाही. दीड तास वेचली. मोहाचा वास घरापर्यंत हाताला होता. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.
टोपली भरली तशी देवरावने सरळ अर्धी फुलं स्वतःच्या टोपलीत ओतून घेतली. ठरलंय म्हणे, मनकर्णाबाईसोबत.
म्हणजे माझ्याच झाडाखाली, माझ्याच खुर्चीवर बसून, आता मी देवरावच्या हाताखाली अर्ध्या वाट्याने कामाला आहे.
जाताना म्हणाला, "उद्या साडेपाच. आजच्यासारखा उशीर करू नोको."
गजर पाचचा लावला आहे.