घुबडाच्या पिल्लाचे अकरा दिवस

३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू दुकानासमोर मदतपेटी मांडलीस आणि आमच्या पक्षी-उपचार केंद्राची लाज राखलीस. पिल्लांना उडायचा सराव मिळावा म्हणून हवं होतं ते लांबलचक जाळीघर अखेर कागदावरून जमिनीवर आलं. सुतार खांब रोवून गेला, उद्यापासून जाळी लावतो. जन्मभर लोकांचे खिसे शिवणारा माझा भाऊ ते इतक्या सफाईने मोकळेही करील, असं वाटलं नव्हतं!

तू पाठवलेल्या घुबडाच्या पिल्लाला येऊन पंधरा दिवस झाले. तब्येत ठणठणीत आहे, पण एक गोष्ट मला खाते आहे. पिल्लांना माणसाचा चेहरा दिसता कामा नये, आवाज कानावर पडता कामा नये, नाहीतर ती माणसालाच आईबाप समजतात आणि जंगलात परत जाण्याच्या कामाची राहत नाहीत, हे तुला मी काय सांगावं? भरवताना घालायचे घुबडाच्या तोंडाचे हातमोजे आणि चेहरा झाकणारे झगे तूच तर शिवून दिलेस. हे पिल्लू मात्र त्या मोज्याकडे ढुंकूनही बघत नाही. झग्यातून चुकून हनुवटी दिसली, की चोच वासून ओरडतं.

गिरणीच्या पत्र्याखाली संध्याकाळी सापडलं आणि सकाळी गाडीत घातलं, असं तू चिठ्ठीत लिहिलं होतंस. म्हणजे घोळ आमच्याकडेच झाला. पिल्लांना भरवणाऱ्या मावशी एकट्या असल्या की गुणगुणतात, असा मला संशय येतो. बघते.

वहिनीला नमस्कार. गुडघ्याला जप, आणि माया आहे तेवढी तरी राहू दे.

तुझी,
धाकटी


११ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. जाळीघराचं वाचून ऊर भरून आला. पत्र मी गिऱ्हाइकांनाही वाचून दाखवलं, पहिलाच परिच्छेद. इकडे पेटी अजून चालू आहे. समोरच्या औषधवाल्यानेही आता एक पेटी मागितली आहे, त्याला वाटतं पेटीनेच पैसे येतात.

पिल्लाचं म्हणशील, तर एखाद्याचा स्वभावच माणसाळलेला असतो. आपल्या घरात नाही का, मी माणूसघाणा आणि तू पाहुण्यांच्या मांडीवरून न उतरणारी! उगीच मनाला लावून घेऊ नकोस. मावशींना तर काहीच बोलू नकोस. वयस्कर माणूस आहे, कधी घसा खाकरला असेल. एवढ्याशाने काही होत नसतं.

वहिनी बरी आहे. हल्ली माझ्याशी फारसं बोलत नाही, तेवढाच माझ्या कानांना आराम. गुडघा आहे तसाच आहे.

लोभ आहेच, तो मागायची वेळ माझ्यावर येऊ नये.

तुझा,
दादा


२४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आज हसवणारं काही लिहायला जमणार नाही.

परवा पिल्लाला जाळीघरात सोडलं. सुंदर उडालं रे दादा, पंखांचा आवाजसुद्धा नाही. जाळीच्या पलीकडच्या टोकाला सुतार शेवटची लाकडी पट्टी ठोकत होता. हे सरळ जाऊन त्याच्या खांद्यावर बसलं आणि तोंड उघडून खायला मागू लागलं. सुतार बिचारा खूश झाला. मी मात्र मटकन खाली बसले. आता याला बाहेर सोडता येणार नाही. सोडलं तर उद्या कुणाच्या तरी अंगणात उतरेल आणि कुणीतरी घाबरून दगड मारील.

मी मावशींना पिल्लांच्या खोलीतून काढलं. चौदा वर्षं त्यांनी ते काम केलं आहे. त्या शपथेवर सांगत होत्या, की खोलीत त्यांनी एक शब्द उच्चारला नाही, त्या तर आत जाताना बांगड्यासुद्धा उतरवून ठेवतात. मी ऐकून घेतलं नाही. सगळ्यांसमोर म्हणाले, की तुमच्या तोंडापायी एक जीव कायमचा कोंडला गेला. त्यांनी झगा काढला, नीट घडी घालून माझ्या टेबलावर ठेवला आणि गेल्या. तेव्हापासून कामावर आल्या नाहीत.

मी बरोबर केलं ना? तुला सोडून कुणाला विचारू?

तुझ्या दोन ओळींची वाट बघते.

धाकटी


२८ मार्च

चि. धाकटीस,
आशीर्वाद द्यायची माझी लायकी राहिलेली नाही, तरी देतो.

मावशी एक शब्द बोलल्या नाहीत. बोललो मी. अकरा दिवस बोललो.

पिल्लू सापडलं त्या दिवसाच्या आधी आठवडाभर पेटीत खडखडाट होता. तू दिलेली चित्रं लावली होती, लोक बघून पुढे जायचे. त्या संध्याकाळी गिरणीवाला खोकं घेऊन आला, मी झाकण उघडलं आणि रस्त्यावरची माणसं थांबली. म्हटलं, एकच दिवस ठेवू. मग म्हटलं, रविवारपर्यंत. पोरं रांगा लावून त्याला मटणाचा खिमा भरवू लागली. म्हाताऱ्यासारखा तोंडावळा म्हणून त्याचं नाव ‘आजोबा’ ठेवलं. मी हाक मारली की ते मान वळवायचं. लोक टाळ्या वाजवायचे.

तुझं जाळीघर व्हावं म्हणून केलं, असं मी स्वतःला रोज समजावलं. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं सांगायला जीभ रेटत नाही. चाळीस वर्षं मी लोकांच्या कमरा मोजल्या, कुणी माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. त्या अकरा दिवसांत रस्ताभर मला ‘घुबडवाले काका’ म्हणत होते. मला ते सुटेना.

मला माहीत नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही. मोजे मीच शिवले. तिसऱ्याच दिवशी वहिनी म्हणाली, की जनाची नाही तर मनाची तरी ठेवा. मी तिलाच गप्प केलं. ती तेव्हापासून गप्प आहे, आणि मी त्याचाही तुला विनोद करून लिहिला.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच सांगायला हवं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते घडलं, आणि चोर इथे बसून तुला शहाणपण शिकवत होता. आधी मावशींकडे जा. हे पत्र त्यांना वाचून दाखव, गाळू नकोस काही. दुकानाच्या दारावर मी आज सगळं लिहून लावलं आहे. ‘आजोबा’ जंगलात गेलेला नाही आणि जाणार नाही, तो माझ्यामुळे, हेसुद्धा.

भाऊ म्हणवून घ्यायचं की नाही, ते तू ठरव.

दादा


६ एप्रिल

दादा,

मायना लिहिला नाही, तो चुकून नव्हे.

पत्र मावशींना वाचून दाखवलं. तुझी शरम दोन पानांची होती आणि माझी चौदा वर्षांची. ज्या बाईने कधी एक पिल्लू बिघडवलं नाही, तिला मी विचारायच्या आधी दोषी धरलं, आणि तुला विचारायचं मनातही आलं नाही. भाऊ खोटं बोलत नसतो ना!

मी पाया पडायला वाकले तर त्यांनी पाय मागे घेतले. नंतर एवढंच म्हणाल्या, की उद्या येते, पिल्लं उपाशी असतील. आल्याही. माझ्याशी कामापुरतं बोलतात.

तुला भेटायचं आहे असं त्याच म्हणाल्या. ये.

धाकटी


२१ एप्रिल

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. तू मला गाडीपर्यंत सोडायला आलीस, पण आपण दोघंही हवापाण्याचं बोललो. म्हणून जे राहिलं ते लिहितो.

दारावरचा कागद वाचून काहीजण पैसे परत मागायला आले, त्यांना ते दिले. बाकीचे दुकानावरून जाताना दुसरीकडे बघतात. ते सोपं गेलं. तुझ्याकडे येताना मनाची तयारी करून निघालो होतो, की मावशी चार शब्द सुनावतील, ते खाली मान घालून घ्यायचे आणि मोकळं व्हायचं. त्यांनी मला आधी पाणी दिलं. मी हात जोडले, तर म्हणाल्या, की माझी माफी तुमच्या डॉक्टरीण बहिणीने मागितली, तुम्ही ज्याची मागायची त्याची मागा. आणि मला जाळीघरात नेऊन बाहेरून कडी लावली.

मी तोंड उघडायच्या आधीच तो तुळईवरून उडाला. तू सुतारापाशी कोलमडलीस ते पत्रात वाचलं होतं, पण वाचणं वेगळं. तो थेट माझ्या खांद्यावर येऊन बसला. बाहेर चारजण उभे होते, त्यांच्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. माझ्या कानाला चोच घासली, मग तोंड उघडून ओरडायला लागला. मी हात खिशात घालून उभा राहिलो, कुरवाळायचा मोह होऊ नये म्हणून. तुम्ही कुणी माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. अख्ख्या केंद्रात मला बघून आनंद झालेला तो एकटाच होता.

अजून रागावलेली असशील, तरी पत्र टाकत जा, कोरं आलं तरी चालेल.

तुझा,
दादा